धुतलेली जाहिरात

रोसिली कागद वाचायची. एवढंच तिचं काम, आणि पुष्पांगदनच्या जाहिरात कंपनीत बावीस वर्षांत ते काम आपण करावं असं दुसऱ्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं. त्रिशूरच्या राउंडपासून, म्हणजे देवळाभोवतीच्या गोल रस्त्यापासून, जरा आत, औषधांच्या दुकानाच्या माडीवर कंपनीच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत पुष्पांगदन गिऱ्हाइकांना स्वप्नं दाखवायचा, दुसरीत सजिता ती स्वप्नं संगणकावर जोडायची, आणि तिसरीत बसून रोसिली ती कुणाच्या मालकीची आहेत ते बघायची.

कारण त्रिशूरच्या दुकानदाराच्या जाहिरातीत जे दिसतं ते सगळं काही त्रिशूरमध्ये टिपलेलं नसतं. धुक्यातली होडी कुणीतरी आधीच टिपून ठेवलेली असते, बासरी कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेली असते, आणि परदेशातल्या पेढ्या हा तयार माल दुकान मांडून विकत असतात. विकतात म्हणजे वापरायचा परवाना देतात. आणि परवान्यात भानगडी फार. एक परवाना फोनवर दाखवायला चालतो, टीव्हीला चालत नाही. दुसरा टीव्हीला चालतो, पण एकाच देशात. आणि मल्याळी चॅनल तर शारजातही लागतं. तिसऱ्या चित्रात बाई छान हसते, पण हसू विकायला तिची संमती घेतलेली नसते. ही बारीक अक्षरं रोसिली चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचायची, आणि सगळं ठीक असलं की चॅनलला द्यायच्या पत्रावर सही करायची: यातलं संगीत आणि चित्रं रीतसर घेतलेली आहेत. ती सही नसली तर जाहिरात लागत नसे.

सजिता तिला तोंडावर चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायची आणि पाठीमागे कस्टमवाली चेच्ची. रोसिलीला दोन्ही ठाऊक होतं. दुसरं नाव तिला जास्त आवडायचं.

यंदाच्या ओणमआधी पुष्पांगदनला एका नव्या पेढीचा माणूस भेटला. वर्षाची एकच वर्गणी भरा आणि हवं ते उचला, एकेक कागद वाचत बसायची गरजच नाही, असं त्या माणसाने सांगितलं. पुष्पांगदनला ते पटलं. मग त्याने रोसिलीला खोलीत बोलावून, स्वतः उठून पंखा तिच्याकडे वळवून सांगितलं की चेच्ची, किती दिवस डोळे शिणवणार, आता ओणम झालं की आराम करा. बावीस वर्षांत त्याने पंखा पहिल्यांदाच वळवला होता, त्यामुळे रोसिलीला पुढचं सांगायच्या आधीच कळलं होतं.

ती एकोणसाठ वर्षांची होती आणि घरात एकटी होती. आराम करायला घरी एक चांगली खुर्ची होती, पण त्या खुर्चीत बसून वाचायचं काय, हा प्रश्न होता. औषधाच्या खोक्यातले कागद तिचे पाठ झाले होते.

ही तिची शेवटची जाहिरात ठरणार होती, आणि ती होती देवस्सीकुट्टीची.

देवस्सीकुट्टी म्हणजे ओल्लूरचा मुंडूवाला. वय चौऱ्याहत्तर. दुकानात सगळे त्याला मुतलाळी, म्हणजे मालक, म्हणत, आणि दुकानाबाहेर ज्यांना त्याच्याकडून काही हवं असे तेही म्हणत. चाळीस वर्षं पांढरी मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायची केरळी धोतरं, विकली, पण टीव्हीवर जाहिरात कधी दिली नाही. माझ्या मालाला तोंड आहे, असं तो सांगायचा. गेल्या ओणमला समोरच्या दुकानाची जाहिरात टीव्हीवर लागली आणि त्याला वाटलं, तोंड आहे खरं, पण आवाज कमी पडतोय.

जाहिरात तीस सेकंदांची. पहाटेचं धुकं, पाण्यावर होडी, मग एक म्हातारा कोऱ्या मुंडूची घडी झटकून उलगडतो, मागे बासरी. मुंडू उलगडणारा म्हातारा तेवढा सजिताने ओल्लूरच्या घाटावर टिपला होता. धुकं, होडी आणि बासरी विकतची.

विकत घेण्याआधी पेढ्या नमुना फुकट देतात. पण फुकटच्या नमुन्यावर कुणी हात मारू नये म्हणून चित्रावर आडवं, फिकट, पेढीचं नाव उमटवलेलं असतं, आणि सुरावटीत दर नऊ सेकंदांनी एक बाई हळूच तेच नाव कुजबुजते. कच्ची जाहिरात या नमुन्यांवर बनते. गिऱ्हाईक हो म्हणालं की परवाना घ्यायचा आणि स्वच्छ माल बसवायचा. या धंद्यात सगळे असंच करतात. फक्त रोसिलीचा एक नेम होता. कच्ची जाहिरात दाखवताना ती स्वतः गिऱ्हाइकाशेजारी बसायची आणि आधीच सांगायची की ती बाई आपली नाही, ती जाणार आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

नेमका देवस्सीकुट्टीच्या वेळी इरिंजालकुडाला तिच्या भाचीचा साखरपुडा होता. ती तिकडे पानावर बसलेली असताना पुष्पांगदनने कच्ची जाहिरात देवस्सीकुट्टीच्या फोनवर पाठवून दिली, खाली दोन हात जोडले, आणि विसरून गेला.

देवस्सीकुट्टी विसरला नाही. त्याने ती जाहिरात तीन आठवडे बघितली. दुकानातल्या सहा माणसांना दाखवली, मग गिऱ्हाइकांना, मग चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांना, मग पत्ते खेळायला येणाऱ्या चौघांना. शारजाच्या मुलाला पाठवली. म्हातारा घडी झटकतो त्याच क्षणी बाई कुजबुजायची, आणि तिथे देवस्सीकुट्टी दर वेळी बोट वर करून म्हणायचा, ऐका. ती काय म्हणते हे त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

मग रोसिलीने परवाना घेतला, सजिताने स्वच्छ चित्रं आणि स्वच्छ बासरी बसवली, आणि पक्की जाहिरात बघायला मुतलाळी स्वतः माडी चढून आला. पांढरं मुंडू, पांढरा शर्ट, काखेत छत्री. त्याने तीस सेकंद बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"बाई कुठे गेली?"

पुष्पांगदन हसत म्हणाला की ती काढली, मुतलाळी, आता बघा कसं स्वच्छ झालं.

"आणि चित्रावर ते रेशमासारखं काहीतरी होतं, तेही काढलं?"

"काढलं की."

"मी सांगितलं होतं?"

एवढं बोलून त्याने छत्री उचलली आणि तो जिना उतरला. ओणमच्या दहा दिवसांतला पहिला दिवस, अत्तम, नऊ दिवसांवर आला होता. त्याच दिवसापासूनची वेळ चॅनलवर ठरलेली होती, आणि गिऱ्हाइकाच्या होकाराशिवाय काही लागणार नव्हतं.

पुष्पांगदनने ठरवलं की म्हाताऱ्याला बाईचा आवाज हवा आहे तर आवाज देऊ. तीन बायका आणून तिच्यासारखंच हळूच दुकानाचं नाव बोलायला लावलं. पहिलीचा आवाज ऐकून देवस्सीकुट्टी म्हणाला, ही साबण विकते आहे. दुसरी ऐकून म्हणाला, ही बातम्या देते आहे. तिसरी नाटकात काम करणारी होती, तिने नावाआधी एक लांब श्वास घेतला. देवस्सीकुट्टीने काळजीने विचारलं की हिला दमा आहे का.

रोसिलीने पेढीलाच पत्र लिहून विचारलं की ती कुजबुज विकत मिळेल का. उत्तर आलं ते फार नम्र होतं. इतक्या वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं, असं त्यांनी लिहिलं होतं. घर बघायला आलेल्या माणसाने दारावरचं कुलूप पसंत करावं तसं त्यांना झालं होतं. पण तो आवाज विकाऊ नव्हता. चोरी होऊ नये म्हणून ठेवलेली वस्तू विकून कसं चालेल.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी पुष्पांगदन रोसिलीच्या खोलीत आला, दार लोटलं आणि म्हणाला की कच्चीच लावून टाकू. म्हाताऱ्याला तीच हवी आहे. परवाना तर आपण घेतलाच आहे.

रोसिलीने सांगितलं की परवाना बासरीचा आहे, बाईचा नाही. बाई म्हणजे परवाना नसल्याची खूण. पुष्पांगदन म्हणाला, हे इथे कुणाला कळणार आहे.

"सार," रोसिली म्हणाली, "आपण चोरी केली आहे हे आपण अख्ख्या केरळला ओरडून सांगणार. दर नऊ सेकंदांनी."

"कुजबुजून," पुष्पांगदन म्हणाला.

"मी सही करणार नाही."

"चेच्ची, ओणमनंतर तुम्हाला कोण विचारायला येणार आहे? एक सही करून टाका."

"कुणी विचारायला येणार नाही म्हणूनच. शेवटची सही आहे, निदान ती तरी मला आठवायला बरी वाटू दे."

पुष्पांगदन जरा वेळ दाराच्या कडीशी खेळत उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घाई असायची. शेवटी तो म्हणाला की उद्या संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याकडून स्वच्छ जाहिरातीला हो आणा, नाहीतर सही मी करतो. आणि तुम्ही परवापासूनच आराम करायला लागा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रोसिलीने परवान्याचा कागद पिशवीत घातला, अच्चप्पमचा, म्हणजे साच्यात तळलेल्या कुरकुरीत फुलांचा, पुडा घेतला आणि बस धरून ओल्लूरला देवस्सीकुट्टीच्या घरी गेली.

दार त्याच्या बायकोने, कोच्चुत्रेसियाने उघडलं. ठेंगणी, गोरी, कानात जुन्या चालीच्या कड्या. तिने रोसिलीला बसायला सांगितलं. रोसिली बसली आणि कोच दचकल्यासारखा कुरकुरला. त्यावर कारखान्याचं प्लॅस्टिक तसंच होतं. तिने इकडेतिकडे बघितलं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या प्लॅस्टिकमध्ये. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी प्लॅस्टिक. फ्रिजवर कंपनीचं निळं लेबल. भिंतीवर मोठा टीव्ही, आणि त्याच्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वीज किती खातो ते सांगणारं ताऱ्यांचं लेबल, कडा पिवळ्या पडलेलं.

तिने विचारलं की हे सगळं आत्ताच घेतलं का. कोच्चुत्रेसिया म्हणाली, हो, आत्ताच. कोच अकरा वर्षांपूर्वी आणि टीव्ही सात.

"गाडी बघितलीत का बाहेरची?" तिने चहा ठेवताना विचारलं. "उन्हाळ्यात तिच्यात बसलं की उठताना सीट बरोबर येते. पण प्लॅस्टिक काढायचं नाही. काढलं की जुनी झाली."

आतून देवस्सीकुट्टीचा आवाज आला की झालीच. लेबल गेलं की वस्तू हातातून गेली, हे त्याला चाळीस वर्षांच्या धंद्याने शिकवलंय.

"माझ्यावर लेबल नव्हतं," कोच्चुत्रेसिया रोसिलीला म्हणाली. "पहिली चार वर्षं तक्रार होती."

देवस्सीकुट्टी बाहेर आला, समोर बसला, त्याचीही खुर्ची कुरकुरली. त्याने अच्चप्पमचा पुडा उघडण्याआधी त्यावरची तारीख वाचली. ते बघून रोसिलीला त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. मग तो सरळ म्हणाला की तू बाईचं बोलायला आलीयस तर उगीच आलीस. आधी मला नवी दाखवलीत आणि देताना धुऊन आणलीत.

"धुऊन?"

"नाहीतर काय. माझ्या दुकानातून मुंडू नेतात, त्यावर नाव असतं, खळ असते, घडी असते. एकदा धुतलं की नाव गेलं. मग ते कितीही पांढरं असो, मी ते परत घेत नाही. तुम्ही मला आधी नाव असलेली जाहिरात दाखवली. तीन आठवड्यांनी आणलीत ती बिननावाची, गुळगुळीत. मधल्या काळात कुणी नेसली होती?"

रोसिलीने कप खाली ठेवला. पाच दिवस तीन बायका कुजबुजत होत्या, परदेशात पत्रं जात होती, आणि म्हाताऱ्याला बाई नकोच होती. त्याला लेबल हवं होतं.

तिने घाई केली नाही. पहिल्यांदा तिने त्याला त्याच्या दुकानाचंच विचारलं. दुकानाबाहेर दोरीवर जे मुंडू टांगलेलं असतं, त्यावर मोठं लेबल असतं ना? असतं, तो म्हणाला. येणाराजाणारा त्याला हात लावतो ना? लावतोच, ते त्यासाठीच असतं. मग गिऱ्हाइकाला ते देता का?

"ते कोण घेईल? गिऱ्हाईक म्हणतं आतलं काढा."

"आतलं काढता ते कसं असतं?"

"कव्हरात. कोरं. कुणी हात न लावलेलं."

"मुतलाळी," रोसिली म्हणाली, "ती बाई म्हणजे दोरीवरचं मुंडू. जगातला कुणीही फुकट उचलून बघतो ते. लांबवू नये म्हणून तिच्या तोंडी दुकानाचं नाव. मी तुमच्यासाठी आतलं काढून आणलं, आणि तुम्ही दोरीवरचं मागताय."

देवस्सीकुट्टीच्या आधी कोच्चुत्रेसिया बोलली. ती म्हणाली की तीन आठवडे हा माणूस गावभर दोरीवरचं मुंडू नेसून हिंडला.

मग रोसिलीने पिशवीतून परवान्याचा कागद काढला. इतर कंपन्या परवाना स्वतःच्या नावावर घेतात आणि कपाटात टाकतात. रोसिली तो ज्याची जाहिरात त्याच्या नावावर घ्यायची. कागद इंग्रजीत होता. तिने एकेक ओळ त्याच्या भाषेत करून वाचली. देवस्सी अँड सन्स, ओल्लूर. बासरी एक, होडी एक, धुकं एक. टीव्हीवर दाखवण्यासाठी. केरळ आणि आखाती देश. एक वर्ष. खाली पेढीचा शिक्का आणि सही.

देवस्सीकुट्टीने पहिली ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं की त्यांच्या वहीत आपलं नाव असंच आहे का. असंच आहे, रोसिली म्हणाली. ओल्लूरसकट? ओल्लूरसकट.

मग त्याने नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची रोसिलीला धास्ती होती.

"ही बासरी दुसऱ्या कुणाला देणार नाहीत ना?"

पुष्पांगदन असता तर नाही म्हणाला असता. रोसिलीच्याही जिभेवर ते आलं. संध्याकाळ जवळ होती आणि घरी ती खुर्ची होती. पण कागदात जे लिहिलं होतं ते लिहिलं होतं.

"देतील," ती म्हणाली. "जो परवाना घेईल त्याला देतील. उद्या कोची-कन्नूरमधला कुणी चटईवालाही घेईल."

"मग ती जुनी झाली."

"मुतलाळी, तुमचं मुंडू हजार लोक नेसतात. म्हणून आत्ता तुम्ही नेसलंय ते जुनं का?"

देवस्सीकुट्टीने नेसलेल्या मुंडूकडे बघितलं. काठावर त्याच्याच दुकानाचं नाव होतं. त्याने काठ सारखा केला.

"लाव ती," तो म्हणाला.

रोसिलीने फोनवर पक्की जाहिरात लावली. धुकं, होडी, बासरी. म्हाताऱ्याने घडी झटकली तेव्हा देवस्सीकुट्टीचं बोट सवयीने वर गेलं. कुणी कुजबुजलं नाही. त्या शांततेत मुंडूचा फटकारा स्वच्छ ऐकू आला, कोऱ्या, खळ असलेल्या कापडाचा, आणि तो आवाज तो चाळीस वर्षं ओळखत होता.

"हे आधी होतं?"

"होतं. बाई त्यावर बोलत होती."

त्याने कागद मागितला. तो येशूच्या तसबिरीखाली लावायचा होता, आणि प्लॅस्टिक घरात होतंच. लावण्याआधी मात्र त्याने विचारलं की खाली ही सही कुणाची. तिथल्या साहेबाची, रोसिली म्हणाली. मी त्याला ओळखत नाही, तो म्हणाला, त्याच्याखाली तुझी कर. तिने केली.

मग त्याने तिच्यासमोरच पुष्पांगदनला फोन लावला. जाहिरात लावा म्हणून सांगितलं, आणि नाताळला दुसरी करायची आहे तिलाही असाच कागद हवा, माझ्या नावाचा, खाली रोसिलीची सही असलेला, असं बजावलं. पुष्पांगदनने बहुधा नव्या वर्गणीचं काहीतरी सांगितलं असावं. देवस्सीकुट्टीने ऐकून घेतलं आणि विचारलं की त्यात माझ्या नावाचा वेगळा कागद मिळतो का. मिळत नव्हता.

"मग ती तुमच्याकडेच ठेवा. मला दोरीवरचं नको. बाजारातल्या बाकीच्यांनाही मी सांगणारच आहे."

पलीकडून पुष्पांगदन काय म्हणाला ते रोसिलीला ऐकू आलं नाही, पण सोमवारी ती कामावर गेली तेव्हा तो तिच्या खोलीत आला आणि म्हणाला की चेच्चीशिवाय ही कंपनी चालेल असं आपल्या कधी मनातही आलं नव्हतं. पंखा त्याने स्वतःकडे वळवून घेतला. त्यावरून रोसिलीने ओळखलं की आता सगळं पहिल्यासारखं झालं. चॅनलच्या पत्रावर तिने सही केली आणि सजिताला ते पाठवायला सांगितलं. सजिता म्हणाली, कस्टममधून माल सुटला वाटतं. हे तिने तोंडावर म्हणायची पहिलीच वेळ होती.

अत्तमच्या संध्याकाळी देवस्सीकुट्टीने रोसिलीला घरी बोलावलं. शेजारपाजारचे होते, पत्त्यांतले चौघे होते, सगळे कोचावर कुरकुरत बसले होते. सात वाजता धुकं आलं, होडी आली, बासरी वाजली. म्हाताऱ्याने घडी झटकली आणि फटकारा सगळ्या खोलीत घुमला. शेवटी दुकानाचं नाव यायचं होतं. नाव सजिताने उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

"नाव कुठाय?" देवस्सीकुट्टी म्हणाला.

सगळे पडद्याकडे बघत होते. नाव ताऱ्यांच्या लेबलाच्या मागे होतं. एका बाजूने त्याची दोन अक्षरं डोकावत होती. कोच्चुत्रेसिया पदर तोंडाला लावून आत गेली आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. रोसिली उठली, पडद्याजवळ गेली आणि लेबलाच्या पिवळ्या कडेखाली तिने नख घातलं.

"हात लावू नको," देवस्सीकुट्टी म्हणाला. "टीव्ही नवीन आहे."

त्याने फोन काढला आणि पुष्पांगदनला सांगितलं की उद्यापासून नाव डाव्या कोपऱ्यात आलं पाहिजे. पलीकडे पुष्पांगदन म्हणाला की असं हलवता येतं की नाही ते परवान्यात बघावं लागेल. देवस्सीकुट्टीने फोन कानापासून दूर धरला आणि रोसिलीकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं.

रोसिली येशूच्या तसबिरीखाली गेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, आणि प्लॅस्टिकच्या वरूनच तो कागद पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागली.